व्हर्नाच्या अंगणातला खड्डा

लंडनहून निघालेलं विमान खाली यायला लागलं, तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. उभा जन्म नाशिकरोडच्या शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवलं. फळ्यावरच्या नकाशात वेस्ट इंडीज दाखवताना हा देश माझ्या छडीच्या टोकाखाली झाकला जायचा. आता तो हिरवागार खाली दिसत होता आणि मला कळेना, हा एवढाच की अजून पुढं आहे? एका बाजूला समुद्र, मध्ये डोंगर, लगेच पलीकडं समुद्र! आमचा इगतपुरी तालुका याच्याहून मोठा. आणि यांना म्हणे पंतप्रधान आहे, संसद आहे, झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे.

देशाचं नाव ग्रेनेडा. माझी लेक प्रज्ञा इथं डॉक्टरकी शिकायला आली, इथल्याच सरकारी दवाखान्यात लागली, आणि केल्विन नावाच्या इथल्याच एका मास्तराशी लग्न करून मोकळी झाली. आता तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, त्यात वाद नाही. माझ्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती, एक माझं आणि एक तिचं. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तू ये तर आधी." ना हो, ना नाही. आता यातून आईनं काय समजायचं?

विमानतळावरच पहिली फजिती झाली. माझ्या पिशवीत बाळगुटीचं सगळं सामान होतं: वेखंड, हळकुंड, बाळहिरडा आणि भद्रकालीच्या बाजारात एकेक पारखून घेतलेली जायफळं. लेकीला घेऊनच जायचं होतं, तर गुटी इकडं कशाला आणली, असं मला विचारू नका. पोरगी हट्टाला पेटली तर हाताशी असावं, एवढंच मनात होतं. तपासणीच्या बाईनं पुडी उघडली, जायफळ नाकाशी नेलं आणि ही मोठ्यानं हसत सुटली! शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. मग भिंतीवरच्या झेंड्याकडं बोट केलं. झेंड्याच्या एका कडेला चक्क जायफळ काढलेलं.

"आजी, तुम्ही ग्रेनेडाला जायफळ घेऊन आलात?"

मी जन्मभर देशोदेशींच्या राजधान्या पाठ करून घेतल्या. इथं जायफळ पिकतं हे मात्र कधी शिकवलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं. बाहेरचं बियाणं देशात चालत नाही म्हणून त्यांनी सगळी पुडी काढून घेतली. अगदी गोड बोलून घेतली, त्यामुळं भांडताही आलं नाही.

प्रज्ञाचं घर गुयाव या कोळ्यांच्या गावात, पश्चिम किनाऱ्यावर. रस्ता एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र धरून जातो. वळणं अशी की कसारा घाट बरा म्हणायची वेळ आली. केल्विन गाडी चालवता चालवता समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हॉर्न देत होता. मला वाटलं, पोरगा तापट दिसतोय. प्रज्ञा म्हणाली, "अगं, तो सगळ्यांना हाय म्हणतोय." मी म्हटलं, "सगळ्यांना?" ती म्हणाली, "सगळ्यांना."

गावात शिरताना जायफळाचा वास आला. तिथं जायफळं वाळवायची आणि निवडायची मोठी वखार आहे. जायपत्री ताजी असताना इतकी लालभडक असते, हेही मी या वयात पाहिलं.

दारात माझी विहीण उभी होती. केल्विनची आई, व्हर्ना. उंच, हाडापेरानं दणकट, डोक्याला फडकं बांधलेलं. आपल्याकडं विहीण म्हटली की मानपान आलेच. मी साडी-चोळी, नारळ असं सगळं नेलं होतं. नारळ अर्थात विमानतळावरच राहिला. तिनं मला घट्ट मिठी मारली आणि बोलायला लागली. इंग्रजीच होतं म्हणे. मला "फिश" तेवढं कळलं.

जेवायला कॅललू (हे लोक अळूच्या पानांची पातळ भाजी करतात, तिला म्हणतात) आणि तळलेला मासा होता. पहिला घास घेतला आणि मी प्रज्ञाकडं पाहिलं. अहो, हे तर अळूचं फदफदं! फक्त चिंच-गूळ नाही, त्याच्या जागी नारळाचं दूध. सातासमुद्रापार येऊन माझ्या आईच्या हातचं काहीतरी खातेय की काय, असं वाटून मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरात बसून काय करायचं, म्हणून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मासे साफ केले, भाजी निवडली. कचरा कुठं टाकायचा? मागच्या अंगणात एक गोल, छान खणलेला खड्डा दिसला. घोटीकडं आमच्या घरामागं असाच खतखड्डा असायचा. मी माश्यांची खवलं, भाजीची देठं, चहाचा चोथा, सगळं त्यात टाकलं आणि हात धुतले.

संध्याकाळी पाहते तर व्हर्ना गुडघे टेकून तोच खड्डा साफ करतेय. एकेक खवल हातानं वेचून बादलीत टाकतेय. माझ्याकडं पाहिलं, हसली, आत गेली. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. माझं डोकं फिरलं. माझा कचरासुद्धा हिला पसंत नाही! तोंडानं बोलायचं नाही आणि माझ्यामागं आवरत बसायचं. लेकीच्या सासूचे हे रंग बघून मी मनाशी पक्कं केलं, प्रज्ञाला इथं ठेवायचं नाही.

प्रज्ञाशी निवांत बोलायचं म्हणून एक दिवस एकटीच बसनं राजधानीला, तिच्या दवाखान्याकडं निघाले. बस म्हणजे आपल्या वडापसारखी छोटी गाडी. मी चढले, जागा धरली, पर्स मांडीवर घेतली. गाडी एकदम गप्प झाली. जो तो माझ्याकडं बघतोय. मला वाटलं, साडीमुळं असेल, नाहीतर आपला रंग, आपला देश. आमच्या माणसांना असल्या नजरा नवीन नाहीत. मीही मान ताठ केली. एव्हाना इथलं इंग्रजी कानाला थोडं सरावलं होतं.

शेजारची म्हातारी मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "गुड मॉर्निंग घरी ठेवून आलीस वाटतं?"

मी गोंधळून म्हटलं, "कुणाला म्हणायचं? मी कुणाला ओळखत नाही."

"म्हणून तर म्हणायचं."

पुढच्या थांब्यावर एक शाळकरी मुलगी चढली. तिनं दारातूनच अख्ख्या गाडीला गुड मॉर्निंग घातलं आणि सगळ्यांनी तिला एका सुरात उत्तर दिलं. माझी मान खाली गेली. माझे वडील रस्त्यापलीकडच्या माणसालाही हात वर करून मोठ्यानं "जय भीम" घालायचे, आणि त्यानं नुसतं पाहून न पाहिल्यासारखं केलं, तर दिवसभर त्यांचं अन्न गोड लागायचं नाही. त्यांची लेक मी. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, एव्हरीबडी." गाडी हसली, आणि म्हातारीनं मला केळं दिलं.

पलीकडं पिशवीत मासे घेऊन एक गृहस्थ बसले होते. ते माजी मंत्री आहेत असं म्हातारीनं ओळख करून देताना सांगितलं. मंत्री, आणि वडापमध्ये! माझ्यातली शिक्षिका जागी झाली. विचारलं, "तुमचा देश स्वतंत्र आहे ना? मग नोटेवर इंग्लंडची राणी कशी?"

"राणी गेली, आता राजा आहे. तो आमचाही राजा."

"म्हणजे तुम्ही स्वतंत्र नाही?"

"पूर्ण स्वतंत्र आहोत. राजाच्या वतीनं इथं गव्हर्नर जनरल असतात, कारभार पंतप्रधान बघतात."

"आणि राजा काय करतो?"

त्यांनी म्हातारीकडं पाहिलं. म्हातारी म्हणाली, "तो तिकडंच असतो." मग ड्रायव्हरनं उतरणाऱ्यांसाठी गाडी थांबवली, मंत्रीसाहेब मासे सांभाळत उतरले, आणि हा धडा माझ्या डोक्यात अर्धाच राहिला. पोरांनी परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मी गुण दिले नसते.

त्या दिवशी दवाखान्यात बाहेर बाकावर बसून प्रज्ञाची वाट पाहिली. ती एका बाळंतिणीला हात देऊन चालवत होती. मला पाहून लांबूनच हसली. बोलायचं ठरवून गेले होते, ते तसंच घेऊन परत आले.

रविवारी अंगणात ऑइल डाऊन केलं (नीरफणस, खारवलेलं मटण, अळूची पानं आणि हळद, सगळं एका मोठ्या पातेल्यात थर लावून नारळाच्या दुधात आटवतात). शेजारीपाजारी जमले. केल्विनचा मामा खांद्यावर नारळाचं रोप घेऊन आला आणि थेट त्या खड्ड्यापाशी नेऊन ठेवलं. त्यात सकाळीच मी टाकलेली नीरफणसाची सालं होती. मामा थबकला. व्हर्नानं लगबगीनं पुढं होऊन ती सालं काढली आणि त्याला काहीतरी हळूच म्हणाली.

मी केल्विनला विचारलं, "त्या खड्ड्याचं आहे तरी काय?"

तो जरा अवघडला. मग सावकाश, मला कळेल असं म्हणाला, "आई, बाळाची नाळ पडली की ती त्यात पुरायची आणि वर झाड लावायचं. मग ते झाड बाळाचं. माझं तिकडं आहे, ते उंच नारळाचं. माणूस कुठंही गेला तरी त्याची नाळ पुरलेली जागा हे त्याचं घर."

बाई गं! धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि रीत तरी काय परकी होती? माझी नाळ घोटीजवळच्या आमच्या घराच्या परसात पुरलीय, हे आईनं मला शंभरदा सांगितलं होतं. आयुष्यभर नाशिकरोडला राहिले, पण गाव विचारलं तर घोटी सांगते, ते त्याच्याचमुळं. आणि इथं बाळाच्या त्या जागेत मी रोज माश्यांची खवलं फेकत होते.

व्हर्ना पातेल्याशी उभी होती. तिच्याकडं जाऊन म्हटलं, "मला सांगायचं नाही का?"

"तू पाहुणी, तुला कसं टोकू?" ती म्हणाली. "आणि तू तर तिला घेऊनच जाणार आहेस. तिकिटाचं केल्विननं सांगितलंय. आईकडं जावं, बरोबरच आहे. मी उगाच खणला. हात स्वस्थ बसेनात."

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पदरानं पुसावेत तसे डोक्यावरच्या फडक्याच्या टोकानं डोळे पुसले. इतके दिवस ही बाई मला हिणवत नव्हती, तर माझा मान राखत होती. मी हिला काय काय समजले!

प्रज्ञाला आत घेऊन गेले. म्हटलं, "आता सरळ सांग. यायचं की नाही?"

"आई, मला नाशिक नकोय. मला तू हवीस." ती पलंगावर बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली. "केल्विन इथं, माझे पेशंट इथं. पण कळा सुरू झाल्या की माझ्याजवळ तू पाहिजेस. हे कसं सांगू? तू तिकीट काढूनच आलीस."

मग मी काय करणार? माझं डोकं सांगत होतं माहेर म्हणजे माहेर, आणि लेक म्हणत होती माहेर म्हणजे मी.

राहण्याची मुदत वाढवायला सरकारी कचेरीत गेलो. व्हर्ना सोबत होती. खुर्चीतला साहेब तिच्या बहिणीचा मुलगा निघाला. म्हटलं, चला, ओळख आहे, काम झालं. त्यानं उठून मावशीच्या गालाची पापी घेतली, आम्हा दोघींना पाणी दिलं, आणि रांगेच्या शेवटी उभं केलं. मी व्हर्नाला म्हटलं, "तुझा भाचा ना?" ती म्हणाली, "हो, फार गुणी आहे." ओळख असून रांग! हा देश मला शेवटपर्यंत कळला नाही.

मुलगी झाली. पहाटेपासून प्रज्ञानं माझा हात इतका आवळला होता की बांगडी पिचली. बाहेर बाकावर व्हर्ना, मामा आणि अर्धं गुयाव बसलेलं. बाराव्या दिवसाच्या आतच नाळ पडली. व्हर्नानं ती स्वच्छ फडक्यात बांधली आणि माझ्यापुढं धरली.

मी म्हटलं, "तू पूर. अंगण तुझं."

"दोघी पुरू," ती म्हणाली.

दोघी गुडघ्यांवर बसलो. माती ओली होती, नखांत गेली. मामानं रोप उभं धरलं. मी मनातल्या मनात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं, ती तिची प्रार्थना म्हणत होती, दोन्ही एकदमच संपलं. व्हर्नानं मातीवर तळहात दाबला, मी तिच्या हातावर माझा ठेवला. आणि मला कळून चुकलं, आता ही पोर माझी असली तरी माझ्या गावची नाही.

परतीच्या विमानात शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर पर्स ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

नाशिकरोडला दार उघडलं तर समोरच्या सुशीलाबाई हजर. "एकटीच आलीस? लेकीला नाही आणलं?" मी सगळं सांगितलं. नात कशी आहे, कुणावर गेली, केस किती. फोटो दाखवले. सुशीलाबाई खूश झाल्या, आणि आपल्याकडं प्रत्येकाला विचारतात तेच त्यांनी विचारलं, "मग तिचं गाव कोणतं म्हणायचं गं? घोटी, की हे नाशिक?"

"गुयाव," मी म्हटलं.

"ते कुठं आलं?"

जन्मभर हेच तर शिकवत आले. कोणता देश कुठं, कोणत्या समुद्रात, किती लांब. तोंड उघडलं, आणि नुसतं रडू आलं.