आवाज कसा येतो?

बसस्थानकावरच्या निवेदकाला सगळे पाठीमागे ‘भारदस्त’ म्हणत. आवाज भारदस्त होताच. त्यातून शब्द मात्र एकही धड बाहेर पडत नसे. माइक हातात आला की स्वारी नुसती घुमायची. गावाचं नाव, फलाटाचा नंबर, सगळं त्या घुमण्यात विरघळून जायचं.

त्यात आपलं काम कसं चाललंय हे विचारायची या गृहस्थाला दांडगी हौस. घोषणा झाली रे झाली की काचेच्या खोलीतून बाहेर यायचा आणि सुटत्या गाडीच्या खिडकीशी जाऊन विचारायचा, “आवाज कसा येतो?” खिडकीतला माणूस जागा पटकावून बसलेला, त्याचं काय जातंय? “झकास,” म्हणायचा. झाडूवाल्या मावशींना तर रोज विचारायचा. मावशी मान डोलवायच्या. त्यांना ऐकूच कमी यायचं. गाडी चुकलेल्यांना मात्र या पठ्ठ्यानं जन्मात कधी विचारलं नाही. ते चौकशीच्या खिडकीवर भांडत असायचे आणि हा तिकडे पाठ करून उभा.

मग दोन निवेदकांपैकी एकच ठेवायचा असं वरून आलं. दुसरी निवेदिका फुटक्या कपासारख्या आवाजाची. हा निर्धास्त. आगारप्रमुखांना म्हणाला, प्रवाशांनाच विचारा की साहेब. साहेब खरंच फलाटावर येऊन उभे राहिले.

नेमकी त्या दिवशी याची बायको बहिणीकडे निघालेली. तिच्या गाडीची घोषणा यानं पुन्हा पुन्हा केली, जीव ओतून केली. बाई बाकावर ढिम्म. पलीकडच्या फलाटावरून गाडी निघून गेली.

भारदस्त बाहेर आला. साहेबांच्या देखत बायकोला विचारलं, “कसा होता?”

“छान होता हो, नेहमीसारखाच. पण माझी गाडी कधी लागायची?”

साहेबांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. गाडी वळणावर धूर सोडत होती.

“घरी निदान विचारता तरी येतं,” बाई पिशवी उचलत म्हणाली, “काय म्हणालात म्हणून.”

माइक फुटक्या कपाकडे गेला. लोकांच्या गाड्या चुकायच्या थांबल्या. भारदस्ताला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. सामान परत देताना तो आवर्जून विचारतो, “आमचं काम कसं वाटलं?”

ज्यांची छत्री सापडली, फक्त त्यांनाच.