औषध मारून आलो म्हणालो आणि विमान गेलं

बागायतदार भावांनो, विमानतळाबाहेरच्या कट्ट्यावर बसून लिहितोय. घाई आहे, चुका समजून घ्या.

सकाळी विंचूरला द्राक्षांवर फवारणी चालू होती. हैदराबादहून वहिनींचा फोन आला, "भाऊजी, यांना व्हेंटिलेटरवर ठेवलंय, लगेच या." शेडमधली बॅग उचलली, हात नुसते पाण्याखाली धरले आणि निघालो.

विमानतळावर मशीनने बॅग आपोआप बाजूला काढली. जवानाने बॅगेवरून, मग माझ्या तळहातांवरून एक पट्टी फिरवली आणि दुसऱ्या मशीनमध्ये घातली. लाल दिवा लागला. स्फोटकाचा अंश आहे म्हणे!

"हाथ में क्या लगा है?"

मी आपलं खरं सांगितलं, "सुबह दवा मारके आया हूँ."

"किसको मारा?"

फवारणीला आपण औषध मारणं म्हणतो, हे त्या परमुलखातल्या जवानाला काय माहीत? सकाळच्या फवाऱ्यात होतं आपलं तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे नायट्रेटचं खत; स्फोटकातही नायट्रेटच असतं. मशीनला तेच सापडलं. मशीनही खरं, मीही खरा. पण साहेब येऊन, सगळी बॅग उचकून, त्यांची खात्री पटेपर्यंत विमान गेलं. आज दुसरं नाही. आता मनमाडहून रेल्वे पकडतो, पोहोचायला उद्या उजाडेल.

हैदराबादला तुमचं कुणी आहे का हो? वहिनी आयसीयूबाहेर एकट्या आहेत. कुणी नुसतं शेजारी जाऊन बसलं तरी चालेल.

परत त्यांचाच फोन वाजतोय. कुठवर आलो विचारत असतील, की दादाचं काही...? उचलून काय सांगू?