कॅरॅव्हॅनच्या आतून बसलेले धक्के

हे लिहावं की नाही, यात वर्ष गेलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर, ड्रेस्डेनला नोकरी. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस... हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या जूनमध्ये मी, बायको मृणाल आणि आमची आठ वर्षांची ईरा समुद्रावर, ऑस्टसेला निघालो होतो. पिकअप आमची, मागे जोडलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच, एका वयस्कर जोडप्याकडून विकत घेतलेली. जोडणी मी स्वतः केली. पाण्याचे कॅन, तंबू असं जड सामान बरोबर चाकांच्या वर, खाली जमिनीवर, पट्ट्यांनी आवळून. हुकवर पडणारा भार, म्हणजे श्ट्युट्सलास्ट, काट्यावर मोजला – पंच्याहत्तर किलो, हवा तेवढाच. टायरची हवा, ब्रेक, आरसे, सगळं दोनदा तपासलं, लादलेल्या सामानाचे फोटोही काढले. लग्नाआधी मला एवढं तपासलं नव्हतंस, असं मृणाल म्हणाली.

सकाळचे अकरा, लख्ख ऊन. ऑटोबानवर ऐंशीने चाललो होतो. एकदम मागून धक्का बसला. मग दुसरा, तिसरा... कोणी आतून खांद्याने भिंत फोडतंय तसे. मृणालला वाटलं, टायर गेला. मागच्या सीटवर ईरा मान वळवून काचेतून बघत होती. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनच. शांतपणे म्हणाली,

"पापा, दा इस्ट येमांड ड्रिन." आत कोणीतरी आहे.

मी आरशात पाहिलं. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या काचेवर आतून दोन तळवे टेकलेले होते.

अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, हे मला पाठ होतं. तेच केलं. पण कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झुलायला लागली, दर वेळी जास्त. मग ती आडवी झाली आणि तिने पिकअप ओढत नेऊन कठड्यावर आपटली. काचा फुटल्या. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते मला ऐकू आलं. मृणालचं कपाळ फाटून रक्त डोळ्यांत उतरत होतं आणि ती फक्त ईरा कुठे आहे, एवढंच विचारत होती. ईरा बेल्टमध्ये होती. तिला ओरखडाही नव्हता.

फायर ब्रिगेड आली. ईराने त्यांनाही तेच सांगितलं. कॅरॅव्हॅन कुशीवर पडलेली, दार खाली दबलेलं. एका जवानाने भिंतीला कान लावला, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि करवतीने छप्पर कापायला घेतलं. आत कोणी नव्हतं. जड सामान सगळं मागच्या टोकाला गेलं होतं; भार असा मागे गेला की कॅरॅव्हॅन झुलते. पट्ट्या तुटल्या नव्हत्या... त्यांची बकलं उघडलेली होती, एकूण एक.

सामान चुकीचं लादलं होतं, असा पोलिसांचा निष्कर्ष निघाला. निघतानाचे फोटो मी दाखवले, उपयोग झाला नाही. कॅरॅव्हॅन विकणाऱ्या आजोबांना फोन केला. पंधरा वर्षं नातवंडांना घेऊन हिंडलो, कधी काही झालं नाही, म्हणाले.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तो जवान भेटायला आला. हेल्मेट नव्हतं, मी आधी ओळखलंच नाही. तुम्ही भिंतीला कान का लावलात, असं मी विचारलं.

"आतून कोणीतरी ठोकत होतं," तो म्हणाला. "छप्पर उघडेपर्यंत ठोकत होतं. आल्झो, म्हणजे... रिपोर्टमध्ये मी हे लिहिलेलं नाही."

मग तो माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिला. इंजिनिअर मी होतो, मीच काहीतरी समजावून सांगेन, या आशेने आला होता. मी त्याला निघतानाचे फोटो दाखवले, त्यांत प्रत्येक बकल बंद होतं.