अपघाताविना तीस दिवस

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आज आमच्या घरी आमरस आटतो आहे आणि मी भर दुपारी अंगणात पळून आलो आहे.

त्या वासाने मला देवगडच्या आंब्याच्या कारखान्यात नेऊन उभे केले. मी तिथे कारकून होतो. महिनाभर एकही अपघात झाला नाही, तर प्रत्येक बाईला प्रेशर कुकर, असे मालकांनी जाहीर केले होते. रोज काम सुटताना फळ्यावर दिवसांचा आकडा लिहिण्याचे राजकार्य माझ्याकडे होते आणि ते मी मिशीला पीळ देऊन करायचो. औषधाची पेटी महिन्यात एकदाही उघडली नाही, याचा मला कोण अभिमान. बायका कमरेला हळदीची पुडी खोचून का येतात, हे मी विचारले नाही. त्या पुड्यांनीच पेटी बंद ठेवली होती, हे आज कळते.

तिसाव्या दिवशी मी खडू घेऊन निघालो, तर रस काढायच्या यंत्रापाशी बायका गोल करून उभ्या होत्या. यंत्र बंद होते. कोणीही ओरडले नव्हते. मधे सुलभा बसली होती. तिचा हात पदरात गुंडाळलेला होता आणि खाली सांडलेल्या पिवळ्या रसात लाल थेंब पडत होते.

"भाऊ, तुमी काय एक बघूक नाय," मुकादमीण हळूच म्हणाली. माझ्या तोंडाकडे कोणी बघतच नव्हते. सगळ्यांची नजर खडूवर होती.

"मी गाडी काढतो," मी म्हणालो. "सुलभा, ऊठ, दवाखान्यात चल."

तिने पांढराफटक चेहरा वर केला.

"आधी फळ्यार तीस लिवा, मगे माका न्हेवा."