जिऱ्याएवढा पतंग आणि रिजेक्टचं रजिस्टर

राग आला की मला जुनं सगळं धडाधड आठवतं. आमच्या दिव्याच्या सापळ्याने दोन वर्षांत इतके किस्से दिलेत की पतंगांपेक्षा त्यांचीच यादी लांब झाली आहे!

सापळा म्हणजे माझ्या बागेतली एक बादली, वर दिवा आणि आत अंड्यांचे कागदी ट्रे. दिव्याला भुललेले पतंग त्या ट्रेच्या खळग्यांत बसून राहतात. सकाळी आम्ही तिघं ते ओळखतो, फोटो काढतो, सोडून देतो. तिघं म्हणजे मी, जीवशास्त्राची निवृत्त बाई. माझी भाची माधुरी. आणि शहरातल्या रांझी मोहल्ल्यातले बोकडे काका, ज्यांची सारी नोकरी कारखान्यात माल तपासण्यात गेली.

मोठे पतंग कोणीही ओळखेल. माझा जीव अडकलाय एका जिऱ्याएवढ्या पतंगात. करडा, पंखावर तांबूस ठिपका. एकदाच आला होता. पुण्याच्या एका जाणकारांनी कळवलं, "फोटोवरून नाव सांगता येणार नाही. धड नमुना पाठवा." तेव्हापासून मी त्याची वाट पाहतेय आणि ही मंडळी माझा अंत पाहताहेत!

*

पहिल्याच आठवड्यात शेजारचे शुक्लाजी कुंपणाशी आले. "दीदी, हमारे पड़ोस में अंडे का ट्रे?"

"रिकामा आहे, भैया."

"पर था तो अंडे का!"

दुसऱ्या दिवशी पाहते तर ट्रे ओलेचिंब, एकूण एक पतंग चिकटून मेलेले. शुक्लाजी कुंपणापलीकडून हसत म्हणाले, "नर्मदाजल छिड़क दिया, दीदी. अब सब शुद्ध है!"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

*

नोंदींसाठी काकांनी कारखान्याच्या धर्तीवर रजिस्टर आखलं. पास, रिजेक्ट, कारण. पंख झिजलेला दिसला की रिजेक्ट!

"अहो काका, तो म्हातारा झालाय."

"मॅडम, म्हातारा माल पास होत नाही."

मी कपाळावर हात मारला. पण 'कारण' हा रकाना मला आवडला. कोणाची बोटं लागून पंखांवरची भुकटी गेली की काका लिहायचे, 'हँडलिंग'. मग मीच हुकूम काढला की पुढे गुन्हेगाराचं नावही लिहायचं. कोणालाही माफी नाही! पहिल्याच पानावर माधुरीचं नाव चारदा आलं. मला फार बरं वाटलं.

*

एकदा माधुरी ओरडली, "मावशी, नवीन आहे! ॲपने नाव भी दे दिया!"

पातळ, तांबूस, जरासा हलतही होता. पाऊण तास आम्ही भिंगाखाली त्याचे पाय शोधले. शेवटी काकांनी फुंकर मारली आणि ते उडालं. शेंगदाण्याचं साल!

"मी आत्ताच दाणे खाऊन राहिलो होतो इथं," काका म्हणाले.

माझा तोल गेला.

"काहून ओरडून राहिल्या, मॅडम? ॲपनं तर पास केलं!"

त्या दिवसापासून टेबलापाशी दाण्यांना बंदी.

*

मागच्या रविवारी तो आला. तोच तांबूस ठिपका! मी त्याला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. गारव्याने पतंग सुस्त होतात. तासाभराने रजिस्टरच्या कोऱ्या पानावर अलगद उतरवला. माधुरी फोन घेऊन वाकली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात कानाशी कुरूम कुरूम. काका दाणे खात होते. बरोब्बर पानाच्या वर! एक साल तरंगत खाली आलं.

"दोन वर्षं!" मी किंचाळले. "दोन वर्षं वाट पाहिली मी! आणि तुम्ही इथे दाणे खाता? बास झालं! बंद करा हे सगळं!"

आणि मी रजिस्टर धाडकन मिटलं.

काकांनी रजिस्टर हळूच माझ्या हातून घेतलं, उघडलं, भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग खिशातलं पेन काढून त्यांनी लिहिलं: रिजेक्ट. कारण, हँडलिंग.

पेन तिथेच थांबलं.

"मॅडम, नाव पूर्ण लिहू, का नुसतं 'मॅडम' चालेल?"