दोन फोटोंचा एक फोटो

तोताराम भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. साक्रीत स्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. मी चिडवायची, "भाऊजी, तुमच्या फोटोत उन्हातली माणसं पिठात पडलेली अन् सावलीतली कोळशात." ते फुगून बसायचे, पण खोटं कुठे होतं?

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी युक्ती काढली. कॅमेरा स्टँडवर पक्का ठेवायचा. एक फोटो सावलीच्या हिशोबानं काढायचा, दुसरा उन्हाच्या. मग अंधाऱ्या खोलीत पुठ्ठा आडवा धरून पहिल्यातली सावली अन् दुसऱ्यातलं ऊन एकाच कागदावर उतरवायचं.

पहिला प्रयोग ओळखीतल्या झुंबरबाईच्या पोरीच्या लग्नात. मंडळी ओट्यावर सावलीत, नवरानवरी अंगणात उन्हात. पोरीनं आईला ओढून जवळ उभं केलं. खटक, सावलीचा फोटो झाला. तेवढ्यात नवऱ्याची आत्या बोलली, "विधवा बाई नवरीजवळ कशाला?" झुंबरबाई निमूट ओट्यावर जाऊन उभी राहिली. खटक, उन्हाचा झाला.

फोटो असा आला की ओट्यावरच्या खुंट्यासुद्धा मोजून घ्या. भाऊजी फ्रेम घेऊन स्वतः द्यायला गेले. कौतुक ऐकायला मलाही नेलं.

झुंबरबाईनं पदरानं काच पुसली. एकेकावर बोट फिरवलं.

"मी कोठे शे रे भाऊ?"

ओटा पहिल्या फोटोतला, तेव्हा ती अंगणात. अंगण दुसऱ्यातलं, तेव्हा ती ओट्यावर. बाकी बठ्ठे, सगळे होते, तीच नव्हती.

"सोयरासनी सांगं व्हई माले काढाले," ती म्हणाली. "तुना काय दोष."

भाऊजींनी मान हलवली. हो म्हणून. अन् मी, जिची जीभ कधी टाळूला लागत नाही, तीही गप्प.

रस्त्यात म्हटलं, "भाऊजी, सोयऱ्यांवर ढकललंत होय?" ते तसेच फाट्यापर्यंत गेले अन् तिथून माघारी फिरले. मी मागे.

दारातच त्यांनी सांगून टाकलं, "अक्का, कोणी सांगितलं नाही. माझ्या युक्तीत गेलीस तू. एका फिल्मवर पोरीजवळ आहेस, पण उन्हात तोंडच उरलं नाही. दुसरीत ओट्यावर आहेस, तर नुसती काळी." हातवारे करून जोडणीही समजावली.

झुंबरबाईनं सगळं ऐकलं.

"म्हंजे मीच हालनू ना रे," म्हणाली, अन् चहा टाकायला आत गेली.

भाऊजी उंबऱ्यापाशी बसले, मान वर करेनात. तो चहा आम्हाला प्यावा लागला.