हलक्या हाताची सिस्टर

या, अशा उंबऱ्यावर काय उभ्या राहता, जवळ येऊन बसा. आणि बसता बसता एक ऐकून घ्या, रागावू नका. त्या सिस्टरला ‘कडक हाताची’ म्हणत गावभर फिरता ना, ते आधी बंद करा. कडक हाताची म्हणे. तिच्याकडून सुई टोचून घेतली नाही असं सेलूत घर तरी आहे का? तुमच्याच दंडावर तिनं दोन बोटं फिरवली असतील आणि विचारलं असेल, “दुखते का?”

तेच तिचं बोलणं. सुईच्या आधी, सुईच्या नंतर, पट्टी सोडताना. समोरच्यानं नुसते ओठ आवळले तरी हिचा हात मागे. बाजारातून येताना माझी भाजीची पिशवी ओढून घ्यायची आणि बोटांवरचे वळ पाहून मलाही तेच विचारायची. आमचे हे, म्हणजे तुमचे काकाजी, दुकानाच्या गल्ल्यावरून म्हणायचे, “हे पोरगी कापूस वेचाले गेली असती तर बोंडालेही विचारलं असतं.”

आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना, तिथं तिची नोकरी. हिंगणीला म्हातारी आई, तिचं औषधपाणी हिच्याच पगारावर. तर दवाखान्यात फर्मान निघालं, की बंद पडलेलं काळीज छाती दाबून कसं चालू करायचं त्याचं सर्टिफिकेट प्रत्येक सिस्टरजवळ पाहिजे. नसेल तिला ड्यूटी नाही. अर्धं शिकणं मोबाइलवर, अर्धं वर्ध्याला जाऊन हातानं करून दाखवायचं.

नेटवर्क आमच्या ओट्यावर बरं येतं. तिथं भिंतीला टेकून ती व्हिडिओ पाहायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यात पास झाली, पेढा घेऊन आली. पण पेढा माझ्या हातावर ठेवला तेव्हा तिची बोटं गार होती. “काकू, आता हाताचं राह्यलं,” म्हणाली.

वर्ध्याहून परतली ती चप्पल न काढता सरळ आमच्या घरात. तिथं म्हणे रबराचा बाहुला असतो. छाती पुरेशी दाबली की आतून कट् वाजतं. बाकी साऱ्यांचा वाजला, हिचा काही वाजेना. शिकवणारा डॉक्टर म्हणाला, “सिस्टर, हा मेलेला आहे. मेलेल्याला दुखत नाही. दाबा.”

“मग तू काय म्हटलं?”

“म्हटलं, सर, अन् जिवंत झाला तर?”

तिथं सारे हसले. आम्हीही हसलो. ती तेवढी हसली नाही. “काकू, खरा माणूस असता तर माह्या हाताखाली मेला असता,” म्हणाली, आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

आणखी एक संधी मिळणार होती. तोवर आमच्या घरी तालीम सुरू झाली. ह्यांच्या पाठीचा कापसाचा लोड फरशीवर टाकायचा आणि ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर. हे गल्ल्यावरून ओरडायचे, “लोडाले काय दुखते, बाई? दाब. घरचाच कापूस आहे.” ती दाबायची. लोडात खळगा पडला, पण तिचे ओठ दर वेळी हलायचेच. मी तांदूळ निवडता निवडता पाहायचे आणि मनात भलतंच यायचं. ज्याच्या छातीवर ही हात ठेवेल, तो कोणाच्या तरी घरचा असेल.

तो आमच्याच घरचा निघाला.

भरदुपारी हे गिऱ्हाइकाला साखर तोलत होते. पारडं खणकन आपटलं. मी धावले तर हे पोत्यांच्या मधोमध पडलेले, डोळे अर्धे उघडे, तोंड मासोळीसारखं एकदा उघडलं आणि उघडंच राहिलं. ओट्यावरून सिस्टर आली. खांदे हलवले, हाक मारली, मानेवर बोटं ठेवली. गिऱ्हाइकाला म्हणाली, “अँब्युलन्स बोलवा. अन् पळत जाऊन दवाखान्यातून झटक्याचं मशीन आणा.”

मग तिनं ह्यांच्या छातीवर हात ठेवले. मी तिच्या हातांकडे पाहिलंच नाही, ओठांकडे पाहिलं. ते हलले.

“काकाजी, दुखते का?”

उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत तिला कोणी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. ती क्षणभर थांबली. तो क्षण माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. आणि मग तिनं सारं वजन हातांवर टाकलं.

कट्.

“थांब वो, मोडलं काहीतरी,” मी म्हटलं.

“मोडू द्या, काकू.” ती मोठ्यानं आकडे मोजत होती, रडत होती आणि दाबत होती. तिचा घाम ह्यांच्या सदऱ्यावर पडत होता. मशीन आलं, झटका बसला, ती पुन्हा दाबू लागली. मग ह्यांच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. दुखलं होतं त्यांना. तसं कण्हणं मी जन्मात कधी इतकं कान देऊन ऐकलं नाही.

हे नागपूरच्या दवाखान्यातून घरी आले ते फासळ्या मोडून आले, ते खरंच. पण आले. ती एकदा पाहायला आली होती. हे खोकले, छाती धरून वाकले. ती दारातच थांबली. विचारायला तोंड उघडलं आणि विचारलं नाही. चहा न घेता गेली. पुढं वर्ध्याला बाहुला वाजला, सर्टिफिकेट मिळालं, आणि तुमचं ते ‘कडक हाताची, हाडं मोडणारी’ कानावर पडल्यावर तिनं नागपूरची नोकरी धरली. तेव्हापासून इकडे फिरकली नाही.

आता दुपारी हे झोपले की मी शेजारी बसते, पोट वर-खाली होतं का पाहत. कधी मधेच थांबल्यासारखं वाटतं आणि माझी नजर ओट्याकडे जाते. ओट्यावर कोणी नसतं. लोड मी पिंजायला दिलेला नाही, खळगा तसाच आहे.

तुम्ही नागपूरला जाता-येता. भेटली तर सांगा तिला. म्हणा, काकाजींनी तुझ्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर पाठवलं आहे: थंडीत दुखते, पण विचाराले तूच पाहिजे. म्हणा, काकू वाट पाहून राह्यली. लवकर येजो, बाई.